व्यावसायिक पुनर्वसन समुपदेशनाचं कॉलेज निवडताना: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिव्यांग मुलामाणसांना त्यांना झेपेल असं काम शोधून देणं आणि ते काम टिकेल असं बघणं, हा माझा नाशिकमधला रोजचा उद्योग. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. काही विद्यार्थ्यांचे, बरेचसे पालकांचे, अधूनमधून एखाद्या विशेष शिक्षिकेचा. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

‘व्होकेशनल रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग’ची डिग्री नाशिकमध्ये कुठे मिळते?

हे नाव अमेरिकेतलं आहे. तिकडे या नावाचं स्वतंत्र मास्टर्स असतं. आपल्याकडे हेच काम तीन-चार वेगळ्या नावांच्या अभ्यासक्रमांत वाटलं गेलंय. कुठे डिप्लोमा, कुठे पुनर्वसन मानसशास्त्र, कुठे समाजकार्य. त्यामुळे हे नाव जसंच्या तसं गुगलवर टाकलंत की एक तर अमेरिकन विद्यापीठं येतात, नाहीतर परदेशी पाठवणाऱ्या एजंटांच्या जाहिराती. नाव शोधत बसू नका. आपल्याला कुठलं काम करायचंय आणि त्या कामाची सरकारी नोंदणी कुठल्या अभ्यासक्रमावर होते, हे आधी शोधा. कॉलेजचा प्रश्न त्यानंतरचा.

पण हे काम म्हणजे नेमकं करायचं काय असतं? शाळेतल्या करिअर काउन्सेलरसारखं का?

नाही. करिअर काउन्सेलर टेबलाच्या पलीकडे बसतो. या कामात टेबल फार कमी वेळ मिळतं.

एक उदाहरण सांगतो. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आम्ही बौद्धिक अक्षमता असलेला एक तरुण लावला होता. हंगाम जानेवारी ते एप्रिल. तिथली कामं मी आधी दोन दिवस उभं राहून बघितली. मणी कापणं आणि प्रतवारी त्याला जमणार नव्हती, वजनकाट्यावरचे आकडे त्याला वाचता येत नव्हते, पण पुठ्ठ्याची खोकी घडी घालून उभी करण्यात त्याचा हात बाकीच्यांपेक्षा सफाईदार. काम जमलं, सुपरवायझर खूश. तरी चौथ्या दिवशी तक्रार आली: पोरगा दुपारी चहाच्या सुट्टीत निघून जातो, थेट घरी. आळस नव्हता तो. सगळे उठले म्हणजे दिवस संपला, असा त्याचा साधा हिशोब होता. घड्याळ शिकवायला सहा महिने लागले असते आणि हंगाम तीन-चारच महिन्यांचा. शेवटी त्याच्या आईनं दोन डबे द्यायला सुरुवात केली. पहिला डबा दुपारी, दुसरा चहाच्या वेळी. दुसरा डबा रिकामा झाला की आणखी एक ढीग खोकी, आणि मग घर. हंगाम पार पडला.

कामाचं पृथक्करण, माणसाच्या क्षमतेची पारख, मालकाशी बोलणी, घरच्यांना सोबत घेणं आणि नोकरी लागल्यावरही मागे राहणं: अभ्यासक्रमात हे सगळं वेगवेगळ्या पेपरांमध्ये असतं. प्रत्यक्षात ते एका डब्याच्या गोष्टीत एकत्र येतं.

दुसरा प्रकार अंबड-सातपूरचा. पॉवर प्रेसवर बोटं गेलेला कामगार. त्याला हस्तकौशल्य शिकवायचं नसतं, ते त्याला आपल्यापेक्षा जास्त येतं. त्याला परत त्याच शॉप फ्लोअरवर, वेगळ्या जागी, घाबरून न जाता उभं करायचं असतं. कामावर इजा झालेल्या विमाधारक कामगाराला पुनर्वसनाच्या प्रशिक्षणकाळात भत्ता देण्याची सोय ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे. कामगाराचं सोडाच, पुष्कळदा एचआरलाही ती ठाऊक नसते. ती ठाऊक असणं हे समुपदेशकाचं काम.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे हेच ना? मराठीत तर ‘व्यवसायोपचार’ म्हणतात.

या शब्दानं बराच घोळ घातलाय. व्यवसायोपचार हे वैद्यकीय अंगाचं शिक्षण आहे. हातापायांची हालचाल, संवेदना, रोजच्या क्रिया, त्यासाठीची साधनं हा त्याचा गाभा. बारावी सायन्स लागतं, महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं जातात. उत्तम पेशा आहे. पण तुमचा ओढा नोकरी, कारखाना आणि माणसांशी बोलण्याकडे असेल तर केवळ नावात ‘व्यवसाय’ आहे म्हणून तिकडे वळू नका. उलट बारावी सायन्सला चांगले गुण असतील आणि दोन्हींपैकी काय ते ठरत नसेल, तर एक दिवस एखाद्या थेरपिस्टबरोबर आणि एक दिवस एखाद्या कार्यशाळेत घालवा. संध्याकाळपर्यंत कळतं.

मग भारतात या कामाकडे जाणाऱ्या वाटा कुठल्या?

सगळ्यांच्या मुळाशी भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय. १९९२ च्या कायद्यानं ती वैधानिक झाली. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ती ठेवते, तिला सीआरआर म्हणतात. तिच्याकडे नोंदणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत दिव्यांगांसाठीचे व्यवसाय समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि प्लेसमेंट अधिकारी यांचा गट आहे. पुनर्वसन समुपदेशक, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन समाजकार्यकर्ते यांचेही वेगळे गट आहेत.

सगळ्यात आखूड वाट डिप्लोमाची: व्यावसायिक पुनर्वसन, बौद्धिक अक्षमता. बारावीनंतर एक वर्ष. कार्यशाळेत निदेशक म्हणून उभं राहायला हा पुरतो. लोक याला ‘नुसता डिप्लोमा’ म्हणतात, मला ते पटत नाही. या क्षेत्रात माझ्या ओळखीची जी सर्वात हुशार माणसं आहेत त्यांतली निम्मी याच दारानं आत आली. डिप्लोमांच्या परीक्षा आरसीआयचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ, एनबीईआर, घेतं.

दुसरी वाट मानसशास्त्राची. बीए, मग एमए, आणि त्यावर पुनर्वसन मानसशास्त्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा. नाशिकमध्ये एचपीटी किंवा केटीएचएमसारख्या कॉलेजात घराजवळ पाया घालता येतो. शेवटच्या टप्प्यासाठी बहुधा बाहेर पडावं लागतं. या विषयात एम.फिल.ही होतं, पण यूजीसीनं २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. जाहिरातीत कुठे ‘एम.फिल. पुनर्वसन मानसशास्त्र’ दिसलं तर त्या वर्षीची आरसीआयची यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

तिसरी समाजकार्याची. नाशिकमध्ये मविप्रचं, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाचं, समाजकार्य महाविद्यालय आहे. एमएसडब्ल्यू केलेल्या माणसाला संस्था, सीएसआर, कामगार कल्याण अशा बऱ्याच जागा खुल्या असतात. मात्र एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: साध्या एमएसडब्ल्यूवर सीआरआर नोंदणी होत नाही. आरसीआयनं मान्य केलेलाच अभ्यासक्रम हवा.

विशेष शिक्षणाचं बी.एड. करून हे काम करता येईल?

येईल, बरेच जण करतात. पण बी.एड. तुम्हाला वर्गासाठी तयार करतं. मुलगा अठरा वर्षांचा झाला, शाळेचं दार बंद झालं, आता पुढे काय, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानावर येतो. आपलं काम तिथून सुरू होतं.

कॉलेजकडे आरसीआयची मान्यता आहे की नाही, हे कसं तपासायचं?

आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी राज्यवार असते. तिच्यात चार गोष्टी जुळतात का बघा: संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, मान्यता कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, आणि जागा किती. मान्यता अभ्यासक्रमाला असते, संस्थेच्या पाटीला नसते. एखाद्या संस्थेकडे कर्णबधिर शिक्षणाच्या डिप्लोमाची मान्यता असेल, म्हणून तिथला व्यावसायिक पुनर्वसनाचा वर्गही मान्य झाला, असं होत नाही.

हे इतकं बजावून सांगतोय कारण मी स्वतः इथेच आपटलोय. ज्या कॉलेजात मी पहिल्यांदा प्रवेश घेतला तिथल्या ऑफिसात मला ‘मान्यता प्रक्रियेत आहे, पुढच्या महिन्यात पत्र येईल’ असं सांगितलं होतं. सांगणाऱ्या बाई इतक्या आपुलकीनं बोलल्या की पत्र मागायला मला संकोच वाटला. पत्र त्या वर्षात आलंच नाही. एक वर्ष आणि वडिलांनी सोसायटीतून काढलेलं कर्ज, दोन्ही गेलं. म्हणून आता सांगतो: संकोच करू नका. मान्यतेचं पत्र मागा, त्याचा मोबाइलवर फोटो काढा, घरी येऊन यादीशी ताडून बघा. चांगल्या कॉलेजला याचा राग येत नाही.

नोंदणी नसली तर काय बिघडतं? संस्थेत काम तर मिळतंच.

मिळतं. पण कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांगांचा पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करायला सीआरआर नोंदणी लागते, आणि सरकारी अनुदानाच्या पदावर पहिली मागणी त्याच नंबराची होते. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणांचे, सीआरईचे, गुण जमवावे लागतात. म्हणून कॉलेज निवडतानाच विचारा, तुम्ही सीआरई कार्यक्रम घेता का. जे कॉलेज घेतं तिथे बाहेरची अनुभवी माणसं ये-जा करतात, आणि विद्यार्थ्यांच्या ओळखी तिथेच होतात.

आरोग्य विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, मुक्त विद्यापीठही नाशिकमध्ये. मग बाहेर कशाला जायचं?

दिंडोरी रोडला म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. पण ते संलग्नता देणारं विद्यापीठ आहे. त्याची कॉलेजं अख्ख्या राज्यात पसरलीत. विद्यापीठाचं आवार आपल्या गावात आहे म्हणून अभ्यासक्रम आपल्या गावात चालतो असं नाही. शिवाय तिथे फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, वाचा-श्रवण अशा आरोग्य शाखा आहेत. आपलं काम त्यांच्या शेजारी बसतं, त्यांच्यात बसत नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून गंगापूर धरणाच्या बाजूला उभं आहे आणि नोकरी करत शिकणाऱ्या कित्येकांची आयुष्यं त्यानं मार्गी लावलीत. बीए पूर्ण करायचं राहिलं असेल तर जरूर तिकडून करा. फक्त पुढचा प्रश्न वाचून मग.

मानसशास्त्राची पदवी दूरशिक्षणातून घेतली तर चालेल का?

ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीनं देशभरातल्या विद्यापीठांना सांगितलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्य आणि संलग्न शाखांचे अभ्यासक्रम दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन चालवायचे नाहीत. त्या यादीत मानसशास्त्र आहे. त्यामागे २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा आहे. तेव्हा ‘घरबसल्या एमए सायकॉलॉजी’ची नवी जाहिरात कोणी पाठवली तर ती पुढे पाठवू नका, पुसून टाका. मराठी, समाजशास्त्र अशा विषयांची दूरशिक्षणातली पदवी चालते, पण तिच्यावरून पुनर्वसन मानसशास्त्राकडे जाता येत नाही, समाजकार्याकडे जाता येतं.

मुंबईत कुठल्या संस्था बघाव्यात?

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ ची. वाणी आणि श्रवण अक्षमतेची ही देशातली मुख्य संस्था. कर्णबधिर तरुणांच्या रोजगाराकडे जायचं असेल तर तिथली ग्रंथालयाची खुर्चीसुद्धा उपयोगी पडते. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ पासूनची. अस्थिव्यंग, कृत्रिम अवयव आणि अपघातानंतरचं पुनर्वसन एका छताखाली बघायला मिळतं. खारघरला बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मूळ संस्था सिकंदराबादला, आणि तिकडे जायला देवगिरी एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट मिळते. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभागही मुलींनी जरूर बघावा.

आणखी एक जागा कोणी सुचवत नाही म्हणून मी सुचवतो. केंद्र सरकारनं १९६८ मध्ये अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रं सुरू केली तेव्हा पहिल्या दोनांपैकी एक मुंबईत होतं, दुसरं हैदराबादला. आता त्यांना राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र असं भारदस्त नाव मिळालंय. तिथे डिग्री मिळत नाही. पण माणसाची कामाची क्षमता कशी तपासतात हे तिथे बघायला मिळतं. ज्या कॉलेजचे विद्यार्थी तिथे फील्डवर्कला जातात, ते कॉलेज माझ्या यादीत दोन पायऱ्या वर चढतं.

पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून मुंबईला अप-डाउन केलं तर?

दरवर्षी कोणीतरी हे विचारतं आणि दरवर्षी कोणीतरी दिवाळीपर्यंत दमतं. पंचवटीनं दादर गाठेपर्यंत दहा वाजून जातात, तिथून कॉलेज. या अभ्यासक्रमांत हजेरी आणि प्रत्यक्ष कामाचे तास मोजले जातात, सकाळची कार्यशाळा चुकली की ती चुकलीच. संध्याकाळी घरी आल्यावर केस रेकॉर्ड लिहायचं असतं. हॉस्टेल नाहीतर दोघी-तिघींनी मिळून खोली बघा. पास परवडतो, वर्ष वाया गेलेलं परवडत नाही.

कॉलेज बघायला गेल्यावर विचारायचं काय?

सगळ्यात आधी फील्डवर्कची वही मागा. मागच्या बॅचच्या कुठल्याही विद्यार्थ्याची, नाव झाकून दाखवली तरी चालेल. तिच्यात ‘संस्थेला भेट दिली, माहिती घेतली’ अशी वाक्यं पानोपानी असतील तर तिथून निघा. ‘मशीनची उंची ३८ इंच, खुर्ची बसत नाही, मालक स्टूल द्यायला तयार’ असं काही दिसलं तर थांबा. ते कॉलेज चांगलं आहे, मग भिंतीला रंग नसला तरी.

दुसरं, प्लेसमेंट म्हणजे त्यांच्या मते काय, ते विचारा. कॉलेजं आपल्या विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचे आकडे सांगतात. तुम्ही वेगळं विचारा: तुमच्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी किती दिव्यांग माणसांना कामाला लावलं, आणि त्यांपैकी सहा महिन्यांनी किती टिकले? या प्रश्नावर पहिल्यांदा शांतता पसरते. शांततेनंतर कोणी रजिस्टर काढायला उठलं तर प्रवेश घ्या.

शिकवणारे कोण आहेत? आरसीआय ज्या शिक्षकांची नावं मागते ती पत्रावर असतात. वर्गात प्रत्यक्ष तीच माणसं येतात का, हे कँटीनमध्ये विद्यार्थ्यांना विचारा, ऑफिसात नको. शिकवणाऱ्यांत एखादी दिव्यांग व्यक्ती आहे का हेही बघा. ज्या विभागात रॅम्प नाही आणि व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह नाही, तो विभाग दुसऱ्यांच्या कारखान्यात रॅम्प कुठल्या तोंडानं मागणार?

अभ्यासक्रम एकाच अक्षमतेपुरता आहे का, हेही विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मानसिक आजार, स्वमग्नता, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती, सगळे त्यात येतात. आमच्या पेठ-सुरगाण्याकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. दिसायला धडधाकट, आणि त्रास उसळला की आठवडा अंथरुणात. त्यांच्या नोकरीचा विचार कसा करायचा, हे ‘अपंग म्हणजे कुबडी’ असं धरून चालणाऱ्या वर्गात शिकायला मिळत नाही.

आणि भाषा. मालेगाव-सटाण्याच्या आजीला अहिराणीत समजावणारा समुपदेशक आणि इंग्रजी फॉर्म पुढे सरकवणारा समुपदेशक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलाखतींचा सराव मराठीतून घेतात का, खुणांच्या भाषेची निदान तोंडओळख करून देतात का, बघा.

सरकारी योजना, कायदे हे सगळं कॉलेजात शिकवतात का?

कायद्यांची नावं शिकवतात. गाठ मात्र वेगळ्याच ठिकाणी बसते. माझ्याकडे आलेल्या एका आईनं मुलाची नोकरी नाकारली, कारण पगार सुरू झाला तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे उत्पन्नाच्या अटीत अडकतील, आणि नोकरी सुटली तर पैसे परत सुरू व्हायला तहसीलच्या किती खेपा होतील, कोण जाणे. त्या बाईंचा हिशोब चुकीचा नव्हता. असे हिशोब पालकांसमोर कागदावर मांडून दाखवायला जो शिकवतो, तो खरा शिक्षक. तसंच, अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठीचा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण. नाशिकरोडची नोट प्रेस किंवा ओझरचं एचएएल यांसारख्या सरकारी आस्थापनांना हे आरक्षण लागू आहे. सातपूरच्या खासगी वर्कशॉपला नाही, तिथे फक्त तुमची बोलणी चालतात.

प्रवेशाआधी नाशिकमध्येच थोडा अनुभव घेता येईल का?

घ्याच. आपलं गाव या बाबतीत भाग्यवान आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रबोधिनीनं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा आणि पुढे कार्यशाळा उभी केली, तीही अशा काळात जेव्हा अशी मुलं पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवली जायची. सातपूरला नॅबचं, म्हणजे दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेचं, मोठं आवार आहे. माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे. आधी फोन करा, परवानगी घ्या, आणि ‘मला मुलांना शिकवायचंय’ असं न म्हणता ‘मी काय ते बघेन, सांगाल ते करेन’ म्हणा. राखी-पणत्यांच्या हंगामात हातांची गरज असते, तेव्हा कोणी नाही म्हणत नाही. पंधरा दिवसांत कंटाळा आला तर लाज वाटून घेऊ नका. फी भरण्याआधी कळलं हे बरंच झालं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी रांगेत नुसतं तासभर उभं राहणं हाही एक अनुभव आहे. यूडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राबद्दल, पुस्तकात दोन ओळी असतात, रांगेत त्याच्या दोनशे गोष्टी ऐकू येतात.

मी स्वतः दिव्यांग आहे. मला प्रवेश मिळेल?

हो, आणि आम्हाला तुम्ही हवे आहात. ४० टक्के किंवा जास्त अक्षमता असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात, वयातही सवलत असते. यूडीआयडी कार्ड आधीच काढून ठेवा. लेखनिक लागणार असेल तर प्रवेशाच्या वेळीच लेखी कळवा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही.

फी आणि शिष्यवृत्ती?

राष्ट्रीय संस्थांची फी खासगी संस्थांच्या मानानं कमी असते. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर. तिथे कॉलेजचं आणि अभ्यासक्रमाचं नाव ड्रॉपडाउनमध्ये दिसतं का, हे प्रवेशाआधीच तपासा. नसेल दिसत तर ‘नंतर येईल’ या आश्वासनाला भुलू नका.

अमेरिकेत जाऊन हीच डिग्री करायची असेल तर कॉलेज कसं निवडू?

तिथे हा पेशा जुना आहे. १९२० च्या स्मिथ-फेस कायद्यापासून सरकारी पैशानं व्यावसायिक पुनर्वसन चालतं, १९७३ च्या पुनर्वसन कायद्यानं त्याला हक्कांची जोड मिळाली. प्रत्येक राज्याची स्वतंत्र यंत्रणा आहे आणि मास्टर्स झालेले समुपदेशक तिथे नोकरीला लागतात.

बघायची पहिली गोष्ट म्हणजे काकरेपची (CACREP) अधिस्वीकृती. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना तिथे ही संस्था मान्यता देते. पूर्वी पुनर्वसन समुपदेशनासाठी कोअर नावाची वेगळी संस्था होती, ती २०१७ मध्ये काकरेपमध्ये विलीन झाली. जुन्या माहितीपत्रकात कोअर दिसलं तर ते पत्रक किती जुनं आहे ते ओळखा. अभ्यासक्रम साधारण ६० क्रेडिटचा, त्यात १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप. पुढे सीआरसी ही प्रमाणपत्राची परीक्षा.

आता एजंट जे सांगत नाहीत ते. यातले बरेच कार्यक्रम पूर्ण ऑनलाइन आहेत, आणि पूर्ण ऑनलाइन कार्यक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. कॅम्पसवर शिकवणारं विद्यापीठच निवडावं लागेल, म्हणजे यादी बरीच आखडते. तिथल्या केंद्र सरकारकडून या विषयासाठी घसघशीत शिष्यवृत्त्या मिळतात आणि विद्यापीठांच्या पानांवर त्या ठळक अक्षरांत असतात, पण त्या अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच. तुमच्या हिशोबात त्या धरू नका. शिक्षणानंतरची कामाची परवानगी एक वर्षाची धरा; इंजिनिअर मावसभावाला मिळाली तशी वाढीव मुदत इथे गृहीत धरू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघावी.

माझं मत विचाराल तर: इथे दोन-तीन वर्षं काम करून मग जा. तिकडच्या वर्गात ‘आधी नोकरी, मग तिथेच प्रशिक्षण’ ही पद्धत फार छान शिकवतात. आपल्या पॅकहाउसमध्ये ती कशी बसेल, हा प्रश्न मनात घेऊन गेलेला विद्यार्थी तिच्यातून दुप्पट शिकतो.

परदेशी डिग्री घेऊन परत आल्यावर नोंदणी आपोआप होते?

आपोआप होत नाही. आरसीआयकडे स्वतंत्र अर्ज, अभ्यासक्रमाचा तपशील आणि फील्डवर्कच्या तासांचे पुरावे द्यावे लागतात. सुपरवायझरच्या सहीचे तासांचे कागद तिथून निघतानाच गोळा करा. वर्षभरानं ईमेलनं मागितले की लोक ओळख दाखवत नाहीत.

माझं वय चाळीस, अंबडला एचआरमध्ये आहे. आता उशीर झालाय का?

उलट तुम्ही आमच्या पुढे आहात. मालकाच्या केबिनमध्ये आम्हाला जी भाषा घाम गाळून शिकावी लागते, ती तुम्हाला येते. समाजकार्याची पदवी किंवा एक वर्षाचा डिप्लोमा, दोन्ही तुम्हाला जमेल. नोकरी सोडण्याआधी मात्र घरी बसून पगाराचा आकडा नीट बघा.

पगार किती मिळतो, तेच सांगा ना थेट.

स्वयंसेवी संस्थेत सुरुवातीला कमी. तुमच्याबरोबर बीसीए झालेल्या मित्रापेक्षा कमी, हे आधीच मान्य करून या. अनुदानित पद मिळालं तर बरा, केंद्रीय संस्थेत किंवा मोठ्या कंपनीच्या समावेशन विभागात चांगला. दोन वर्षं संस्थेत काढलेल्या माणसाला कंपन्या बोलावतात, कारण त्यांना दिव्यांग कर्मचारी घ्यायचे असतात आणि घेतल्यावर करायचं काय हे त्यांच्याकडे कोणाला माहीत नसतं.

घरी कसं समजावू? आईला हा कोर्स म्हणजे काय तेच कळत नाही.

आईला एखाद्या शनिवारी कार्यशाळेत घेऊन या. तिला शब्दांत सांगायच्या भानगडीत पडू नका, मी पंधरा वर्षं तो प्रयत्न केलाय. आयुष्यात एक तास वर्गात शिकवलेलं नाही, तरी आमच्या कॉलनीत माझी ओळख आईच्या कृपेनं अजून तीच आहे: ‘आमचा धाकटा? अपंगांच्या शाळेत मास्तर आहे.’